टाइम झाला, पळा!

आमच्या वॉर्डातले अटेंडंट वामनराव ड्यूटी संपलेल्या डॉक्टरांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप मागून येऊन काढून घ्यायचे. हार उतरवावा तसा, अलगद. "टाइम झाला सायेब, पळा!"

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी वर्ध्यात हाउसमन, म्हणजे वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर होतो. आमच्यातला एक जण छत्तीस तास जागून राउंडमध्ये उभ्याउभ्या घोरला, तोही मोठ्या सरांच्या खांद्यावर डोकं टेकून. मग सलग बारा तासांपेक्षा जास्त ड्यूटी नाही, असा नियम आला. सर करवादले, "अर्धा आजार बघून घरी जाणारा शिकणार काय?" नियम पाळायला लावायचं काम मात्र वामनरावांनी परस्पर स्वतःकडे घेतलं.

समुद्रपूरची गिरजाबाई न्यूमोनियाने फणफणली होती. तिचा ताप उतरताना मला पाहायचा होता. रात्रीचे आठ वाजले तसा मी चादरींच्या कपाटामागे लपलो. वामनरावांनी तंगडी धरून बाहेर ओढलं.

"काऊन लपून राह्यले? झोपा जाऊन, नाई तर तुमालेच भरती करा लागन!"

अख्खा वॉर्ड हसला. खोकता खोकता गिरजाबाईसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव सायकल हाणत नालवाडीला माझ्या खोलीवर हजर.

"तुमी गेले, अन् नवा डॉक्टर गिरजा बुडीले पेनिसिलिन द्याले निंगाला!"

माझी झोप उडाली. आदल्या सकाळी पेनिसिलिनच्या टेस्टला तिचा हात लाल झाला म्हणून मीच औषध बदललं होतं. का बदललं, तेवढं लिहायचं राहिलं होतं.

"मग?"

"मंग काय? तिचा हात लाल झालेला मी पाह्यला होता, सुईच्या आडवा झालो! म्हनलं, आधी मले टोचा!" ते खदखदून हसले. मग हळूच म्हणाले, "पहाटे बुडीले घाम फुटला. ताप उतरला. तुमाले पाह्यचं होतं ना, म्हनून सांगाले आलो."

मी स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला.

"वामनराव, तुमची ड्यूटी तर काल दुपारीच संपली होती. घरी नाही गेलात?"

ते खिडकीबाहेर पाहू लागले.

"बायको गेली तवापासून घरी काय हाये, सायेब? वॉर्डात मानसं तरी बोलतेत."

चहा पिऊन झाला तरी ते उठले नाहीत. मीही घाई केली नाही. बऱ्याच वेळाने सायकलवर टांग मारताना त्यांनी विचारलं, "उद्या येऊ का?"

"या," म्हटलं. "पोहे करतो."