देवासच्या फडताळाची मोहीम आणि मोराच्या डब्याचा कबजा

टेकडीच्या पायथ्याशी, देवास मुक्कामी, राजश्री नारायणराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, यांणी आपले स्वयंपाकघरातील फडताळ कोशविद्येने कैसे जिंकिले, तो मजकूर जैसा घडला तैसा लिहिला आहे. पदरचे काही घातले नाही.

वर्तमान ऐसे की, नारायणरावांचे कुटुंब इंदिराबाईसाहेब गतसाली कैलासवासी जाहल्या आणि फडताळाचा मुलूख बेवारस पडला. बाईसाहेबांचा शिरस्ता असा की रिकामा डबा टाकायचा नाही, आणि डब्यावर जे छापिले असेल ते आत ठेवायचे नाही. बिस्किटांचे डब्यात मेथ्या, चहाचे डब्यात साबूदाणा, रसगुल्ल्यांचे डब्यात वाती. कोठे काय हे त्यांस पाठ, सबब चिठ्ठी एकावरही नाही. आणि मग वर्षश्राद्ध उद्यावर येऊन ठेपले, आणि नारायणरावांनी पण केला की पानावरची आमटी इंदिरेने स्वहस्ते भाजून कुटिलेल्या गोड्या मसाल्याचीच होईल. मसाला फडताळात खास होता. कोणत्या डब्यात, हे सांगणारी नव्हती.

कन्या चिरंजीव अपूर्वा इंदुरास संगणकाचे चाकरीत. तीर्थरूप मोहरी पुसण्यास मीटिंगांत वरचेवर फोन करितात म्हणोन तिने त्यांस मागेच संगणकावरील डिक्शनरी, म्हणजे कोश, शिकविली होती. विद्या ऐसी की, डाव्या अंगास नाव लिहावे, उजव्या अंगास ऐवज. मग नाव पुकारिले की ऐवज हजर. नारायणरावांनी दरोबस्त डबे उघडून नोंदविले. मसाल्यांची ओळख नव्हती, सबब पुडी रंगाने लिहिल्या : पिवळी, लाल, तपकिरी. गोडा मसाला तपकिरी, इतके ते जाणत होते. आणि मग त्यांणी ‘तपकिरी पूड’ ऐसे पुकारिले, आणि यंत्राने लाल अक्षरांत कळविले की या नावाचा इसम येथे नाही.

तेव्हा इंदुरास फोन गेला.

“बाबा, तुम्ही आतल्या मालाच्या नावानं हाक मारताय. ती डब्याच्या नावानं मारायची.”

“डब्याचं नाव माहीत असतं तर तुला कशाला फोन केला असता?”

यावर मसलत होऊन ठरले की कोश उलटा करावा, ऐवज डावीकडे आणि डबा उजवीकडे. नारायणरावांनी दोन ओळींचे फर्मान लिहिले, आणि यंत्राने तत्काळ जाब दिला : रतलामी शेवेचा डबा. यंत्राचा शब्द मिळाल्यावर वास घेणे म्हणजे त्याचा अवमान, ऐसे समजोन नारायणरावांनी दोन चमचे पूड आमटीत घातली आणि रंगीत तालमीस शेजारचे गणोजीराव, घराणे जुने दरबारी, सांप्रत विमा एजंट, यांस पाचारिले.

आमटीस फेस आला.

गणोजीरावांनी एक घोट घेतला आणि खासा मोरीकडे धावले. “अरे नारूभिया, आमटी आहे का शाम्पू? पुढच्या बार कंगवा पण ठेवजो!”

शेवेचे डब्यात शिकेकाई होती. इतक्यात धारच्या बसने अक्का, इंदिराबाईंच्या वडील भगिनी, दाखल जाहल्या. त्यांणी पातेल्यात पाहिले आणि हुकूम केला की डोके न्हाणीघरात धुवावे, आमटीत नव्हे; आणि इंदीचा मसाला केव्हाच संपला असेल, सबब उद्या आपण धारहून आणिलेला वापरू. ऐसी शिकस्त जाहली.

नारायणराव अंगणात गेले आणि पुन्हा फोन केला.

“बाबा, तपकिरी पुडीचे डबे होते किती?”

“चार.”

“मग उलट्या कोशात एकच राहिला. एका नावाला एकच जागा असते. दुसरा आला की पहिला जातो. यंत्र सांगतसुद्धा नाही.”

“ही रीत बरी नाही.”

“नाहीच. म्हणून नावापुढं एकच डबा नका ठेवू, सगळ्यांची यादी ठेवा. मग कुणी कुणाला ढकलणार नाही.”

तैसे केले. यंत्राने चारी डबे दिले आणि ते ओट्यावर मांडिले. या खेपेस यंत्रावर न विसंबता नाक पुढे केले. शेवेचा डबा ठाऊकच होता. दुसऱ्यात कॉफी. तिसऱ्यात धणेपूड. चौथा मोराचे चित्राचा, कोणा लग्नातील मिठाईचा; त्याचे झाकण निघाले आणि दगडफूल, तीळ, खोबरे एकदम चालून आले, आणि नारायणरावांस ओटा धरून उभे राहणे प्राप्त जाहले. जखम कोठे नव्हती. मसाला तळाशी, एका आमटीपुरता होता.

दुसरे दिवशी पाने वाढली. अक्कांनी आमटीचा भुरका मारिला आणि निवाडा दिला : “इंदीचाच हात. लवंग कमी घालायची ती घालायचीच.” आणि वाटी पुढे केली.

संध्याकाळी अपूर्वाने कळविले की डबा संपला असल्यास कोशातून नाव काढून टाकावे, त्यास एक ओळ पुरते. नारायणरावांनी नाव काढिले नाही. ऐवजाचे जागी दोन अवतरणचिन्हे दिली, मध्ये काही लिहिले नाही.

येणेप्रमाणे फडताळ फत्ते जाहले. मोराचा डबा दप्तरी कायम. आत शिबंदी नाही. सबब ठाणे सोडिले, ऐसे कोणी समजू नये.