विषय क्रमांक नऊ आणि पिशवीभर बर्फ

सकाळी दहाला नियामक मंडळाच्या एका सभासदाने कोट काढला, तेव्हा वर्ना लिंडक्विस्टला बरं वाटलं. साडेदहाला दुसऱ्याने टाय सैल केला. पावणेअकराला तिसरा विषयपत्रिकेने वारा घ्यायला लागला, तेव्हा मात्र तिची पेन्सिल इतिवृत्ताच्या वहीवर थबकली.

एकोणीसशे एकोणऐंशीचा डिसेंबर होता तो. उत्तर मिनेसोटातल्या त्या छोट्या सरकारी विद्यापीठात वर्ना बावीस वर्षं इमारत विभागाची चिटणीस होती, आणि त्या दिवशी तिचा सगळा जीव विषय क्रमांक नऊमध्ये अडकला होता: बॉयलरच्या तेलाचं कंत्राट. टाकीतलं तेल जेमतेम नाताळपर्यंत पुरणार होतं. सर्वांत कमी दराची निविदा त्याच दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत ग्राह्य होती, आणि मंडळाची पुढची बैठक थेट मार्चमध्ये. आज मंजुरी हुकली असती, तर वसतिगृहांतल्या चारशे मुलांना ऐन जानेवारीत घरी पाठवायची वेळ आली असती.

आता त्या मुलखात पाहुण्याला एक वेळ कॉफी कमी दिली तर चालतं, पण तो आपल्या घरात कुडकुडला तर जन्मभर तोंड दाखवायला जागा राहत नाही. आणि त्या वर्षी तर तेलटंचाईमुळे सरकारी नियम होता, खोली पासष्ट अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे आपल्या अठरा अंशांपेक्षा, गरम करायची नाही. तापमान ठरवणाऱ्या यंत्रावर लोखंडी पेटी बसवून तिला कुलूपही घातलेलं. म्हणून वर्नाने आदल्या दिवशी बॉयलरवाल्या ऑर्व्हिलला नुसतं म्हटलं होतं, "उद्या पाहुणे आहेत, जरा बघशील ना?"

ती हळूच उठून बाहेर आली. बाहेरच्या बोळकांडीत, त्या पेटीखालीच, ऑर्व्हिल स्टुलावर बसून डोनट खात होता.

"काय केलंस रे तू? आत भट्टी झालीये."

"तुम्हीच म्हणालात ना, बघ म्हणून." त्याने वर बोट दाखवलं. पेटीवर पावाच्या रिकाम्या पिशवीत भरून मूठ-दोन मूठ बर्फ बांधलेला होता. "त्या यंत्राला वाटतंय मजला गारठलाय. बिचारं सकाळपासून नुसती वाफ मागतंय."

"काढ आधी ते."

"काढतो. पण लोखंड गार झालंय, यंत्राला खरं काय ते कळायला तासभर जाईल. काहीतरी गरम आणा, म्हणजे लवकर उमजेल त्याला."

वर्नाने कॉफीचं मोठं विजेचं भांडं उचलून आणलं, स्टुलावर ठेवलं, बटण चालू केलं. वाफ सरळ पेटीवर गेली आणि भिंतीतल्या नळ्यांची घरघर थांबली. ती परत आत गेली, तोवर विषय नऊ सुरूही झाला होता.

बोलत होते क्लिफर्ड स्टेन्सरुड. मंडळावर काटकसर म्हटलं की हेच गृहस्थ. त्यांचं कपाळ घामाने चमकत होतं.

"एवढं तेल कशाला लागतं ते आत्ता कळलं मला," ते म्हणाले. "बाहेर उणे वीस, आणि इथे मी सदऱ्यावर बसलोय. निम्मं करा हे कंत्राट."

इमारत विभागाचे संचालक हेल्मर टॉफ्टे उठले. खरं सांगावं तर नियम मोडल्याची कबुली, न सांगावं तर कंत्राट निम्मं. वर्नाने त्यांच्यापुढे चिठ्ठी सरकवली: 'जेवणानंतर घ्या.'

"अध्यक्षसाहेब," टॉफ्टे म्हणाले, "खाली जेवणाला भट्टीतून काढलेली हॉटडिश तयार आहे."

अध्यक्षांनी एवढ्या तत्परतेने याआधी कोणताच मुद्दा मान्य केला नव्हता. निघताना स्टेन्सरुडनी स्वतःच्या हाताने चारही खिडक्या वर सरकवून उघडल्या. "जरा माणसात येऊ दे खोली."

जेवणघरात वर्ना चौदा माणसांना वाढत होती. कॉफीचं भांडं वर राहिल्याचं तिला कुणी कॉफी मागितली तेव्हा आठवलं, आणि ती जिना चढली ती मंडळाच्या मागोमागच.

भांडं उकळतच होतं. यंत्राच्या समजुतीप्रमाणे मजल्यावर कडक उन्हाळा होता. खोलीत टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यांवर बर्फाची साय धरली होती. टॉफ्टे आणि ऑर्व्हिल खिडक्या खाली ओढायला त्यांना लोंबकळत होते, पण चौकटी जागच्या जागी गोठल्या होत्या.

सभासदांनी कोट चढवले, टोप्या चढवल्या. एकाने मफलर नाकापर्यंत ओढला.

"टॉफ्टे," स्टेन्सरुड म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून वाफ निघाली. "हीटर बंद केलात?"

"हो, म्हणजे... सकाळी आपण जे म्हणालात..."

"मी म्हणालो म्हणून?"

टॉफ्टेंनी वर्नाकडे पाहिलं. वर्नाने वहीकडे पाहिलं.

स्टेन्सरुड खुर्चीत सावकाश बसले. "एकोणीस वर्षं या मंडळावर आहे मी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा हलला. "काटकसर करा, काटकसर करा म्हणून घसा कोरडा झाला. घरी बायको ऐकत नाही. इथे पहिल्यांदा कुणी ऐकलं."

"क्लिफ, लवकर आटप बाबा, पाय गेले माझे," पलीकडून कुणी म्हणालं.

"पूर्ण कंत्राट मंजूर करावं, असा ठराव मीच मांडतो. स्वतः गारठून मुलांना ऊब देणाऱ्या माणसांच्या हातात तेल द्यायला मला भीती नाही."

अनुमोदन तिघांनी एकदम दिलं. मतदानासाठी हात वर गेले ते हातमोज्यांसकट. वर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते थोडं थंडीचंही होतं.

"आणखी एक ठराव," स्टेन्सरुड म्हणाले. "हा मजला मार्चपर्यंत अस्साच ठेवावा. राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांना उदाहरण म्हणून."

उठायची घाई एवढी होती, की तोही एकमताने पास झाला. वर्नाने तो लिहून घेतला, पूर्णविराम दिला, आणि मग तिच्या लक्षात आलं की तिचं टेबल याच मजल्यावर आहे.

पावणेचारला तेलवाल्याला फोन गेला. नाताळच्या आत टँकर आले आणि एकाही मुलाला घरी जावं लागलं नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, दोन स्वेटर आणि नवऱ्याचा शिकारीचा कोट घालून वर्ना टपाल फोडत होती. एक पत्र वसतिगृहातल्या मुलांचं होतं, खाली एकतीस सह्या. खोल्यांत फार उकडतं, रात्री झोप येत नाही, कृपया मंडळापुढे विषय ठेवावा.

वर्नाने ते दोनदा वाचलं. मग हातमोजे न काढता त्याची घडी घातली, खालच्या खणात अगदी तळाशी ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. मार्चची बैठक अजून व्हायची होती.