जमनी याडीची भुरी

काळा चष्मा लावून चरणारी मेंढी तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे. फुलसावंगीच्या अलीकडे एक तांडा आहे, तिथल्या जमनी याडीची ती भुरी. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. चष्मा कानामागून चिंधीनं बांधलेला, आणि मागून याडी ओरडत यायची, "हसता कायले? तुमच्या बायकोले घालाले सांगतला का म्या?"

मी जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक. डॉक्टर जनावराला हात लावतात, मी पू साफ करतो. याडी पहिल्यांदा आली तेव्हा तिनं नाव-गाव काही न विचारता माझा खालचा ओठ ओढून दात पाहिले. मेंढीचं वय दातांवरून कळतं, तसंच माणसाचंही, असं तिचं पक्कं मत. "सहादाती हाय. पुरा जुळला नाही अजून," म्हणाली. मेंढीचे आठही दात आले की ती जुळली, म्हणजे पुरती वयात आली. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा, दोन पोरींचा बाप!

त्या दिवशी भुरीच्या डोळ्यात पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाचं, खुट घुसलं होतं. कापसाचे वाईट दिवस होते ते. बोंडअळीनं बोंडं खाल्ली आणि लोकांनी उभी शेतं जनावरांना मोकळी करून दिली. याडीचा लेक मेंढरं विकून, बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला तो गेलाच. एकटी भुरी उरली, कारण तिचा एक डोळा लहानपणीच फुटलेला, तिला गिऱ्हाईक कुठून येणार? आणि आता खुट घुसलं ते नेमकं चांगल्या डोळ्यात.

मी खुट काढलं, मिठाच्या कोमट पाण्यानं डोळा धुतला आणि औषधाचं कपाट उघडलं. आत जंताचं औषध. चार महिने तेवढंच होतं. माझं टाळकं सरकलं. म्हणालो, "याडी, मानसाच्या डोळ्याचे थेंब टाक. औषध थेच, लेबल दुसरं." जिभेला हाड नाही माझ्या.

त्याच आठवड्यात तांड्यावर साहेबांची गाडी आली. कापसाच्या नावानं तेव्हा गाड्या फार यायच्या, येऊन चहा पिऊन जायच्या. साहेब खाटेवर बसून म्हणाले, "आजी, तुम्हाला काय पाहिजे?"

"मेंढीच्या डोळ्याचं औषध."

सगळे हसले. त्यांच्या कागदात मेंढीचा रकानाच नव्हता. साहेबांनी याडीच्या डोळ्यांत पाहिलं, दोन्हीकडे मोतीबिंदू दिसला, आणि तिचंच नाव लिहून घेतलं. "याचे दात पाहा बरं कोनी," याडी म्हणाली, "पुरे जुळले, अक्कल नाही आली."

आठ दिवसांनी जीप आली आणि ती मुकाट्यानं नेत्रशिबिराला गेली. सुईला घाबरून शेतात पळणारी बाई! मला तेव्हाच कळायला हवं होतं. एका डोळ्याचं ऑपरेशन करून ती परत आली, हातात काळा चष्मा आणि थेंबांची बोटाएवढी बाटली. दिवसातून चार वेळा, महिनाभर.

भुरीची मग काय चाकरी झाली म्हणता! गुडघ्यांत मेंढी धरायची, हनुवटी वर करायची, थेंब सोडायचे, माश्या बसू नयेत म्हणून चष्मा बांधायचा. आणि सगळा वेळ गोरबोलीत तिच्याशी गप्पा. आमच्या वाट्याला नुसत्या शिव्या. महिन्याभरात डोळा निवळला. मी हात हलवला की भुरी पापणी मिटायची. मी दवाखानाभर सांगत सुटलो.

मी मेंढीचाच डोळा तपासत होतो. याडीचा पदराआड असायचा. एक दिवस पदर सरकला. डोळा लाल, सुजलेला, कडेनं पू. तशीच गाडीवर बसवून डोळ्यांच्या दवाखान्यात नेली. तिथले डॉक्टर म्हणाले, हा डोळा गेला, दुसऱ्यात मोतीबिंदू आहेच. थेंब घातलेच नाहीत का?

येताना मी भडकलो. माझाच राग होता, तिच्यावर काढला. "अवं, मले सांगतलं असतं तं म्या दुसरी बाटली आनली असती! काहून केलं असं?"

पहिल्यांदाच तिनं मला शिवी दिली नाही. म्हणाली, "लेक गेला तवापासून मले कोन पाह्यते रे? थे एक पाह्यते. दारात येते, मान वर करते, मी हाय का नाही पाह्यते, मंगच आत येते. तिचा डोळा गेला असता तं मी हाय का नाही, कोनाले दिसलं असतं?"

तांडा आला. मी तिला हाताला धरून उतरवलं. भुरी दारात होती. तिनं मान वर केली. याडीला ते दिसलं नाही, म्हणून मीच सांगितलं, "पाहून राह्यली, याडी."