आठ बियांची देखरेख

ज्या गोष्टीची दिवसातून तीनदा तपासणी होत नाही, तिची काळजी कुणीच घेत नाही, हे सुशिक्षित घरात वेगळं सिद्ध करावं लागत नाही. रोपवाटिकेतल्या माळ्याला मात्र ते ठाऊक नव्हतं. घेवड्याच्या बियांची पुडी देताना तो म्हणाला, "ताई, एकदा पेरलं की हात मागे बांधून बसा. उकरून बघू नका." तिने मान डोलावली आणि सोडून दिलं. (माळी नववी पास. ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी., प्रथम श्रेणी.)

प्रकरण गंभीर होतं. तिच्या तीन वर्षांच्या मुलीला बालवाडीत जायचं होतं, आणि पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाने घरी उगवलेलं एक रोप आणावं असा बाईंचा आदेश होता. मुदत चौदा दिवस. बाकीच्या मुलांच्या हातात रोप आणि आपलीच्या हातात नुसती कुंडी, या चित्राने तिच्या तोंडचं पाणी पळालं.

आठ कुंड्यांत आठ बिया पेरल्या गेल्या. प्रत्येक बीवर पेनाने क्रमांक घातला. सकाळी, दुपारी व संध्याकाळी मुलीच्या जुन्या वरणभाताच्या चमच्याने माती बाजूला करून बी बाहेर घ्यावी, फुगली का ते पाहावं, वहीत नोंदवावं, आणि होती तशीच परत निजवावी, अशी कार्यपद्धती ठरली. यातून काही शोधही लागले. कुंडी क्रमांक दोनमध्ये गांडूळ आढळलं. (मुलीने त्याला 'काका' म्हणायला सुरुवात केली. खऱ्या काकांना अद्याप कळवलेलं नाही.) सहाव्या दिवशी पाच नंबरच्या बीला पांढरा कोंब दिसला. तिने ती बी दिव्याखाली नेली, सहा बाजूंनी फोटो काढले, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. एकोणीस अंगठे आले. तेवढ्यात कोंब मोडला.

"अगं, तू बाग करतेयस की शवविच्छेदन?" नवरा म्हणाला.

"तुला काय जातंय बोलायला! शाळेत रडणार ती आहे."

सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "नऊ महिने मी काही उघडून बघितलं नव्हतं बाई. तरी तुझा नवरा आलाच." (त्या काळी सोयी नव्हत्या, अशी नोंद घेण्यात आली.)

बाराव्या दिवसाअखेर एकूण तपासण्या दोनशे अठ्ठ्याऐंशी, उगवण शून्य. देखरेखीचं उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण. एवढं यश पाहून ती मोरीत जाऊन रडली.

तेराव्या दिवशी मागच्या नळाजवळ, धुण्याच्या दगडाच्या फटीत, घेवड्याचं एक रोप दिसलं. चार पानं, ताठ मान. पुडी फोडताना एक बी सांडली असावी. तिला क्रमांक नव्हता, नोंद नव्हती, वेळापत्रक नव्हतं. सगळा कारभार विनापरवाना. तरी ती हरखली, आणि मुळं नीट आहेत ना एवढंच बघायला चमचा आणायला धावली.

परत येते तो मुलगी रोपावर आंघोळीचा तांब्या पालथा घालून वर बसलेली.

"उठ गं बाळा. आई फक्त बघणार आहे."

"नको! तू बघितलंस की ते मरतं."

वहीत या वाक्यासाठी रकाना नव्हता. शेवटी सासूबाईंनी मातीच्या ढेकळासकट रोप अलगद कुंडीत बसवलं. तिला या वेळी स्वयंपाकघरात थांबायला सांगितलं होतं.

मुलगी रोप घेऊन बालवाडीत गेली, ती मागे वळूनसुद्धा न बघता. बाईंनी खिडकीच्या काचांना पाच फुटांपर्यंत कागद चिकटवला होता. (आईची उंची पाच फूट दोन इंच. दुसऱ्या दिवशी कागद सहा फुटांवर गेला.)

सबब तिची वाचकांना नम्र विनंती आहे. बाई तुम्हाला ओळखत नाहीत. जरा जाऊन बघून या. पिवळा फ्रॉक, दोन शेंड्या, दारापासून तिसरी. सराव नाही असं म्हणू नका. तुमचा मुलगा नोकरीला लागून चार वर्षं झाली, तरी तो शेवटचा ऑनलाइन कधी होता हे आज सकाळपासून तुम्ही तीनदा बघितलंय. ती रडत असेल तर लगेच फोन करा. हसत-खेळत असेल, तर मात्र एकदम सांगू नका. आधी आईला बसू द्या.