आक्काताईंचे रसायनशास्त्र

शास्त्र मातृभाषेत आणले की समाजात समता येते. पूर्वी जे काहींनाच कळत असे, ते मग कोणालाच कळत नाही. या थोर कार्याचा लाभ १९७४ साली सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेलाही मिळाला. बी.एस्सी. झालेल्या जयपालला कळवण्यात आले की, मराठी परिभाषेच्या तोंडी परीक्षेत उत्तीर्ण झाल्यास त्याला नोकरीत कायम करण्यात येईल. (अन्यथा घरच्या उसाला पाणी पाजण्याची जागा रिक्त होतीच.)

जयपालने सारे शास्त्र इंग्रजीत घोकलेले. मराठी शब्द काही केल्या डोक्यात राहीनात. तेव्हा त्याने एका मासिकात वाचलेली सांगड पद्धत अवलंबिली: नवा शब्द ओळखीच्या माणसाला जोडावा, म्हणजे तो जन्मात विसरत नाही. 'बाष्पनशील' म्हणजे पायगोंडाकाका, काम निघाले की हवेत. 'संपृक्त' म्हणजे वजनकाट्यावरचा हरिबा, पंगतीत सोळाव्या जिलबीनंतरचा. 'उत्प्रेरक' म्हणजे दोन पदार्थांत क्रिया घडवून स्वतः तसाच राहणारा. येथे समडोळीच्या आक्काताई आत्या आपणहून येऊन बसल्या. त्या एका घरी चहा पितात, मग शेजारच्या घरी पितात. दिवेलागणीला मधे कुंपण पडते, आणि आत्या जशाच्या तशा. (तीस शब्दांपैकी दोन पाठ व्हायचे राहिले, कारण नातेवाईक संपले.)

आत्या तेव्हा माहेरी, म्हणजे जयपालच्याच घरी आल्या होत्या. सोप्यात त्याचे घोकणे ऐकून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

"वैनी, ल्योक तुजा, पर दिवसभर नाव माजंच घेतोय बघ!"

त्या दिवशी आईने जयपालचे ताट आदळून वाढले. (क्रिया सुरू झाली होती.)

पद्धतीत एकच उणीव होती. शब्दावरून माणूस हमखास आठवे. उलट दिशेने मात्र क्रिया घडत नसे. परीक्षक आप्पासो मगदूम यांनी नेमके उलटे विचारले.

"कॅटॅलिस्टला मराठीत काय म्हणाल?"

जयपालने डोळे मिटले. आत्यांचे लुगडे दिसले, मिश्री दिसली, हातातली बशी दिसली. शब्द दिसेना. नोकरी बशीतल्या चहासारखी हिंदकळू लागली.

"आक्काताई," तो म्हणाला.

आप्पासोंचे पेन थांबले. "कुठल्या? समडोळीच्या?"

"व्हय, साहेब."

"आमच्या मेव्हण्याच्या घरात दोन चुली केल्या की रं त्यांनी! आता कशा हायत?"

"हायत तशाच."

"मग बरोबर हाय!" आप्पासोंनी पूर्ण गुण दिले.

जयपाल कायम झाला. पुढे कारखान्याने रीतसर चाचणी घेतली. पंचक्रोशीतल्या शंभर माणसांपैकी 'उत्प्रेरक' ही संज्ञा तिघांना कळली, 'आक्काताई' ही नव्याण्णवांना. उरलेली एक व्यक्ती म्हणजे खुद्द आक्काताई. "कोण गं बाई असली?" असे त्यांनी मनापासून विचारले.

वाचकांनीही ही चाचणी घरी करून पाहावी. वाचताना आपल्या घरातले एखादे नाव आठवले असेलच. आठवले नसेल, तर घरच्यांना विचारू नये. ते तुमच्या तोंडावर सांगणार नाहीत.