वर्लिनच्या शर्टाचं शेपूट

"नवा शर्ट घालून रानात जाऊ नकोस," ओलेटाने नवऱ्याला दारातच अडवलं. "आज चर्चमध्ये फोटो काढायचाय. चाळीस वर्षांच्या संसारात आपला एक धड फोटो नाही."

"अगं, परत येऊन कपडे बदलायला वेळ कुठला? वरून शिकारीचा कोट चढवतो. शर्टाला होणार काय?" असं म्हणत वर्लिनने बंदूक उचलली.

काय होणार, हे अमेरिकेतल्या ओझार्क डोंगरांमधल्या त्या खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. रानातल्या टर्की पाखरावर झाडलेला बार फुकट गेला, की ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागे लोंबणारं शेपूट तिथल्या तिथे सुरीने कापायचं, त्यावर त्याचं नाव घालायचं आणि पेंडीच्या दुकानातल्या भिंतीवर ठोकायचं, असा तिथला रिवाज होता. त्या भिंतीवर वर्लिनच्या बापाचं शेपूट होतं, पाद्रीबाबांचं होतं आणि खुद्द दुकानदाराची तर तीन होती. वर्लिनचं मात्र एकही नव्हतं. या एवढ्या भांडवलावर तो रोज सकाळी दुकानात फुकटची कॉफी प्यायचा आणि फुकटचे सल्ले द्यायचा.

त्या दिवशी सल्ला ऐकायला हक्काचा माणूस मिळाला होता. ओलेटाचा धाकटा भाऊ हॉइट सेंट लुईसहून आला होता आणि टर्की त्याने आजवर ताटातच पाहिली होती.

ओकच्या रानात कळप दिसला तसा वर्लिन दोन्ही हात हलवत, बोंबलत त्याच्यावर धावून गेला. पाखरं फडफडत दाही दिशांना उधळली. हॉइट बघतच राहिला.

"दाजी, आपण यांना मारायला आलो होतो ना? तुम्ही तर हाकलून दिलंत!"

"यालाच शिकार म्हणतात, मेव्हण्या. टर्की माणसाला भिते, पण एकटं राहायला त्याहून जास्त भिते. जिथून उधळली तिथेच परत जमणार बघ. पिल्लं आईला हाका मारणार, म्हातारी मादी त्यांना बोलावणार. आपण फक्त हलायचं नाही आणि बोलायचं नाही. म्हणजे तू बोलायचं नाहीस."

दोघं एका जाड खोडाला टेकून बसले. बऱ्याच वेळाने वर्लिनने ओठांचा चंबू करून हरवलेल्या पिल्लासारखी "की-की" अशी केविलवाणी हाक घातली. लगेच पाठीमागच्या चढावरून उत्तर आलं, "क्याव, क्याव, क्याव!"

"म्हातारी!" वर्लिनचे डोळे चमकले. "पोरांना गोळा करतेय."

"म्हणतेय काय?"

"कुठे उलथलास, ये लवकर."

"चिडलेली वाटते हो."

"चिडणारच. पोरं सांगितलेलं ऐकत नाहीत, वेळेवर येत नाहीत."

"अगदी आमच्या ताईसारखी."

"तुझी ताई कुठे आणि ही कुठे! हिच्या आवाजात काय गोडवा आहे!"

वर्लिन की-की करत राहिला, मागची म्हातारी क्याव-क्याव करत जवळ येत राहिली. तिच्या आवाजाने समोरच्या झुडपांतून खरोखरच एकेक पिल्लू बाहेर पडलं. पिल्लं कसली, चांगली कोंबड्याच्या दुप्पट झालेली धुडं होती ती! त्यांतला एक गुबगुबीत नर उघड्यावर येऊन मान उंचावून उभा राहिला. वर्लिनने श्वास रोखला, नेम धरला आणि चापावर बोट ठेवलं.

"वर्लिन, फोटोवाला येऊन बसलाय!" म्हातारी त्याच्या कानाशी म्हणाली.

ठो! समोरच्या ओकची एक फांदी खाली आली आणि पाखरं दिसेनाशी झाली. खोडाच्या मागे ओलेटा उभी होती. फोटोसाठी घातलेल्या निळ्या झग्याला गोखरू चिकटले होते.

"आता परत जमतील का हो?" हॉइटने विचारलं.

"नुसती उधळली असती तर जमली असती. बंदुकीचा बार आणि वर तुझी ताई! आता उद्यापर्यंत तोंड उघडायची नाहीत."

हॉइटने खिशातून सुरी काढली. शहरात राहिला तरी ताईकडून ऐकून रिवाज त्याला पाठ होता.

"थांब!" वर्लिन दोन पावलं मागे सरला. "हा बार धरायचा नाही. हिने ओरडून घालवला."

"मी ओरडले?" ओलेटा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मागे एकदा रानात नावाने हाक मारली, तर आठवडाभर तोंड फिरवून बसलास. म्हणून मघापासून तुझ्याच भाषेत बोलावतेय. स्वयंपाकघरात तुझं क्याव-क्याव ऐकून ऐकून शिकले. उत्तरं देत होतास, मला वाटलं कळलं तुला!"

"म्हणजे ती म्हातारी..." हॉइटच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "तो गोडवा..."

"कसला गोडवा?" ओलेटाने विचारलं.

वर्लिन बंदुकीची नळी पुसू लागला.

"मग दाजी," हॉइट सुरी चाचपत म्हणाला, "दुकानात काय सांगू? तुमचा नेम चुकला, की चाळीस वर्षं संसार करून तुम्हाला बायकोचा आवाज टर्कीचा वाटला?"

वर्लिनने बंदूक खोडाला टेकवली. मग त्याने कोट उतरवला, खोचलेला शर्ट बाहेर ओढला आणि पाठ फिरवली.

"काप."

"अरे, फोटो!" ओलेटा ओरडली.

"पुन्हा खोचला की दिसत नाही. काप म्हटलं ना, हॉइट! चुकला माझा नेम."

फोटो झकास आला. शेपूट भिंतीवर लागलं, तेव्हा ते बघायला सारं खोरं दुकानात लोटलं. काय झालं, कसं झालं, असं ज्याने त्याने विचारलं. वर्लिन प्रत्येकाला एवढंच म्हणाला, "चुकला. माणूसच आहे मी."

रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचनात त्याचं नाव घेतलं. इतक्या वर्षांची कीर्ती पणाला लागली असताना एका शब्दाने सबब न सांगता चूक कबूल करायला केवढं मोठं मन लागतं, असं ते सद्गदित होऊन म्हणाले. हॉइटला खोकल्याची उबळ आली आणि तो बाहेर गेला. ओलेटाने प्रार्थनेचं पुस्तक तोंडापुढे धरलं. वर्लिन मात्र पहिल्या रांगेत मान खाली घालून, मोठ्या नम्रपणे, आपली स्तुती ऐकत बसला.