नलूमावशी आणि बंद झाकण

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या नलूमावशींचं नाव घेतो. खुद्द मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणतील, "आज एवढं गोड का बोलतोयस?"

मावशींचा कशावरच विश्वास नव्हता. गावाबाहेरच्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत, त्यांच्यावरसुद्धा. "एक पान हलत नाहीये, आणि ह्या बघ कशा फिरतायत. आतून मोटर असणार." बसचा ड्रायव्हर हसून 'किया ओरा', म्हणजे माओरीतला नमस्कार, म्हणाला की त्या पर्स छातीशी धरत. एका संशोधन संस्थेत दुधाचे नमुने तपासण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. त्यामुळे जगात भेसळ आहे, हे गृहीतच.

मूळच्या कोल्हापूरच्या. काका गेल्यावर घरात एकट्या. मी माजलगावहून इथे शिकायला आलो तेव्हा त्यांनी मला खोली दिली. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझी प्रत्येक असाइनमेंट मावशी चष्मा लावून वाचत. "हे तुला कळलंय, की नुसतंच लिहिलंयस?" बहुतेक वेळा नुसतंच लिहिलेलं असे. मी मुकाट्याने पुन्हा वाचायला बसे. पदवी मिळाली ती अशी.

मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वर्गातली ओयुना, मंगोलियाची मुलगी, खोली शोधत होती. भर हिवाळा, परीक्षा तोंडावर, आणि खोली कुठेच मिळेना. मी मावशींकडे शब्द टाकला. त्यांनी तिला घेतलं, पण अटीवर.

"ती लोकं घोडा खातात म्हणे. माझ्या पातेल्यात घोडा शिजलेला चालणार नाही. रविवारी माझ्यासमोर रांधू दे तिला. काही काळंबेरं दिसलं, तर सोमवारी खोली रिकामी."

रविवारचं मटण मावशींनी स्वतः जाऊन आणलं. ओयुना त्सुइवान, म्हणजे त्यांच्याकडच्या मटणातल्या शेवया, करणार होती. तिने पीठ मळलं, पातळ लाटलं, तेल लावून घडी घातली आणि भराभर कापून लांब शेवया केल्या. मावशी शेजारीच स्टूल टाकून बसल्या होत्या.

"हात सराईत आहे," त्या मला मराठीत म्हणाल्या. "कशात सराईत, ते बघायला हवं."

मटण, गाजर, बटाटा, कोबी पातेल्यात शिजत होतं, पाणी अगदी बेताचं. ओयुनाने शेवया त्यावर नुसत्या पसरल्या आणि झाकण ठेवलं.

मावशी ताडकन उठल्या. "अगं, वर काय ठेवतेस? आत सोड! आमच्या चकोल्या आमटीत उकळतात." बोलता बोलता त्यांनी भांडंभर पाणी घेतलंसुद्धा.

ओयुनाने दोन्ही हात झाकणावर ठेवले. "नो, मावशी! वाफेवरच. उघडलं तर चिकटतात."

"बघू देत नाही, म्हणजे आत काहीतरी आहे," मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या. मला ओयुनाची बॅग फुटपाथवर दिसायला लागली.

शेवटी झाकण निघालं. शेवया मोकळ्या झाल्या होत्या. ओयुनाने सगळं हलवलं, पहिली ताटली भरली आणि दोन्ही हातांनी मावशींपुढे धरली.

मावशींनी ती सवयीने माझ्याकडे सरकवली. ओयुनाने उचलून परत त्यांच्यापुढे ठेवली. मावशींनी पुन्हा मला दिली. ओयुनाने पुन्हा उचलली.

मावशींचे डोळे बारीक झाले. "मलाच आधी का? काही व्हायचंच असेल तर मला व्हावं म्हणून?"

"तुम्ही घरात मोठ्या," ओयुना म्हणाली. "आमच्याकडे पहिलं वाढप मोठ्यांचं. तुम्ही घेतल्याशिवाय आम्ही कसं खाणार?"

मावशींनी ताटली हातात घेतली. सगळ्यांना वाढून, उरलेलं घेऊन, ओट्याशी उभ्याने जेवत आलेली बाई ती. वाफाळती ताटली हातात धरून काय करायचं, हेच त्यांना कळेना. मग हळूच बसल्या. मान खाली घालून सगळं संपवलं.

"मिठाला कमी होतं," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी खोलीचा विषय निघाला नाही. मावशी गाडी काढून गेल्या आणि काचेच्या झाकणाचं मोठं पातेलं घेऊन आल्या. "दर रविवारी करणार असशील, तर लक्ष ठेवायला बरं."

आता मी तिथून दोन तासांवर, जॉन्सनव्हिलला नोकरी करतो. फोनवर बोलणारा मीच आहे यावर मावशींचा विश्वास बसत नाही, म्हणून गेल्या आठवड्यात हे पत्र पाठवलं:

"ती. नलूमावशींना साष्टांग नमस्कार.

काल पहिल्यांदाच एकट्याने त्सुइवान केला. राहवलं नाही, मध्येच झाकण उघडलं. शेवया चिकटल्या. पहिली ताटली भरली आणि ती हातातच राहिली. ह्या घरात माझ्याहून मोठं कुणी नाही. टेबलावर ठेवून जरा वेळ बसलो, मग गार झाल्यावर खाल्ली.

शनिवारी येतोय. ओयुनालाही बोलावलंय. पीठ मी मळेन. तुम्ही फक्त बसा.

तुमचा संदीप."